‘त्यांना सवय असते’ हे कितपत खरं? ओझं वाहणाऱ्या शरीराचं गणित

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवरनं जाताना बघा, उसाच्या फडात बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या शिडीवर चढताना बघा, नाहीतर केदारनाथच्या वाटेवर एखादा पोरगा पाठीवरच्या कंडीत, म्हणजे टोपलीत, अख्खं माणूस बसवून चढताना बघा, शेजारी उभं असलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यांना सवय असते." हे वाक्य मला फार खटकतं, कारण त्यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्या खऱ्याच्या आडून बरंच खोटं खपून जातं. सवयीनं शरीर काय काय शिकतं आणि कितीही वर्षं ओझं वाहिलं तरी काय शिकू शकत नाही, हे कळायला थोडं विज्ञान लागतं पण ते अवघड नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहितोय.

आधी सपाट रस्त्यावरचं चालणं घेऊ. आपण चालतो तेव्हा टेकलेल्या पायावरनं सगळं शरीर कमानीसारखं पुढं जातं, मधे थोडं वर उचललं जातं आणि पुढचं पाऊल पडताना परत खाली येतं. वर जाताना वेग थोडा कमी होतो, खाली येताना वाढतो, म्हणजे वेगाची ऊर्जा उंचीत आणि उंचीची वेगात अशी सारखी अदलाबदल चालू असते, घड्याळाच्या लंबकात असते तशी. साध्या चालण्यात साधारण ६५ टक्के ऊर्जा या अदलाबदलीत वाचते आणि उरलेली स्नायूंना दर पावलाला नव्यानं घालावी लागते. ओझं घेतलं की सरावाचा नसलेला माणूस जेवढं वजन जास्त तेवढी ऊर्जा जास्त, असा सरळ हिशोब भरतो.

पण १९८६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात केनियातल्या बायकांवरचा एक अभ्यास छापून आला आणि त्यात हा हिशोब चुकला. लुओ समाजाच्या बायका डोक्यावर ओझं नेतात आणि किकुयू समाजाच्या बायका कपाळावरनं पट्टा घेऊन पाठीवर नेतात, दोघींचा ऑक्सिजनचा खर्च चालताना मोजला तर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतच्या ओझ्याला जादा ऊर्जा लागतच नव्हती. म्हणजे ६० किलोची बाई १२ किलो ओझं घेऊन चालली काय आणि रिकामी चालली काय, खर्च तोच. त्याच्या पुढं मात्र वजन वाढेल तसा खर्च वाढत जातो. १९९५ मधे त्यामागचं कारण सापडलं, ते असं की ओझं आल्यावर या बायकांची लंबकाची अदलाबदल आणखी चांगली होते, ऊर्जा कमी सांडते, आणि हे त्या लहानपणापासून चालता चालता शिकलेल्या असतात. तर सवयीत खरं आहे ते एवढं. ते मी नाकारत नाही, उलट मला त्याचं फार अप्रूप आहे.

आता आपल्या यार्डात या. साठ किलोचा हमाल पन्नास किलोचं पोतं उचलतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ८३ टक्के. वीस टक्क्यांची सूट इथं कधीच संपलेली असते, आणि दिवसात एक पोतं नाही, ट्रकच्या ट्रक असतात.

हे काम जवळनं बघितलं तर त्यातलं कसब दिसतं. दोघं जण पोत्याचे कान धरून उचलतात, तिसरा कमरेत न वाकता गुडघ्यात बसून खाली शिरतो, पोतं मानेच्या खालनं दोन्ही खांद्यांच्या मधे आडवं बसतं, हनुवटी छातीकडं जाते, एक हात मागं हुकाला. मग निघतो तो बारीक बारीक पावलं टाकत जवळजवळ पळतच निघतो, पाय पूर्ण ताठ न करता, आणि थप्पीपाशी आला की खांदा नुसता तिरका करतो, पोतं आपोआप जागेवर जाऊन बसतं. नवीन पोरगा पहिल्या आठवड्यात हातानं ढकलत बसतो आणि दमतो. जुना माणूस पोत्याच्या वजनालाच काम करायला लावतो. आणि मधे थांबत नाही, कारण अंगावर ओझं असताना नुसतं उभं राहण्यातही स्नायू खर्ची पडतात आणि काम तर काहीच होत नाही.

पोतं मणक्याच्या जवळ का घ्यायचं? तरफेचा नियम आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मधापासून फक्त पाचेक सेंटिमीटर मागं असतात. तुम्ही वाकून २० किलोची वस्तू ४० सेंटिमीटर पुढं धरली तर तिचा हात स्नायूंच्या हातापेक्षा आठपट लांब झाला, म्हणजे तिला तोलून धरायला स्नायूंना १६० किलोच्या वजनाएवढा ताण द्यावा लागतो. त्यात तुमचं स्वतःचं वाकलेलं धड, डोकं, हात यांचं वजन वेगळं, त्याला परत जवळपास तेवढाच ताण. हे सगळं जाऊन पडतं कमरेच्या शेवटच्या मणक्याच्या चकतीवर. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली नायॉश ही सरकारी संस्था त्या चकतीवर ३४०० न्यूटन, म्हणजे साधारण ३५० किलोच्या वजनाएवढा दाब ही मर्यादा धरते, आणि तिच्या १९९१ च्या सूत्रानुसार अगदी सगळी परिस्थिती चांगली असली, वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीला, वळायचं नाही, तरी हातानं उचलायचं वजन २३ किलोच्या वर जाऊ नये. तेवीस! आपल्याकडं सिमेंटची गोणी ५० किलोची, साखरेचं पोतं ५० चं, युरियाची गोणी २०१८ पासून ५० ची ४५ झाली.

पूर्वी तर शंभर किलोची पोती सर्रास होती. पन्नासची झाल्यावर व्यापारी म्हणायचे की माल तेवढाच, फेऱ्या दुप्पट, हमालाचा फायदा काय? ऐकायला बरोबर वाटतं पण इथंच गफलत आहे. दम आणि घाम यांचा हिशोब बेरजेचा असतो, पन्नासचे दोन आणि शंभरचा एक यात फार फरक नसेलही, पण चकतीचा हिशोब बेरजेचा नाही. तिला एका क्षणी किती दाब आला यावर ती फाटते की टिकते ते ठरतं. शंभर किलोखाली पाय घसरला तर सावरायला शरीराकडं काहीच शिल्लक नसतं, पन्नासला थोडं असतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली तीसुद्धा आजच्या मोजमापानं बरीच सैल आहे.

आणि सवयीनं चकती जाड होत नाही, हे लक्षात ठेवा. स्नायू व्यायामानं वाढतात, हाडंही काही प्रमाणात दणकट होतात, पण मणक्यातल्या चकतीला आणि गुडघ्यातल्या कूर्चेला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो त्यामुळं त्यांची डागडुजी फार हळू होते. म्हणून हमाल चाळिशीत बघायला दणकट दिसतो, दंड पोलादी दिसतात, आणि आतनं कंबर गेलेली असते.

फडातल्या बाईचं तर आणखी अवघड आहे. आपल्या साखर कारखान्यांना ऊस तोडायला बीडकडच्या टोळ्या येतात, आपल्याच जत-आटपाडी-माणकडचीही माणसं जातात, आणि मजुरी टनावर असते. गडी तोडतो, बाई मोळी बांधते आणि वाहते, मोळी तीस-चाळीस किलोची. बाई पंचेचाळीस किलोची धरली तर प्रमाण हमालाच्या जवळपासच आलं, वर शिडी चढायची, तीसुद्धा थंडीत पहाटे, दवानं ओल्या झालेल्या पायऱ्यांवरनं. डोक्यावर चुंबळ असते. तिच्यामुळं वजन टाळूच्या एका बिंदूवर न येता पसरतं आणि ओझं बरोबर मणक्याच्या रेषेत राहतं, त्यामुळं पुढं वाकावं लागत नाही आणि मघाशी सांगितलेली तरफ लागूच होत नाही. सपाट जमिनीवर ही पद्धत खरंच उत्तम. पण मानेचे मणके कमरेच्या मानानं फार लहान, आणि डोक्यावर ओझं असताना खाली बघता येत नाही, शिडीची पायरी पायानंच चाचपायची. कामगार संघटनेच्या त्याच १९६७ च्या ठरावात बायकांसाठीचं वजन पुरुषांपेक्षा बरंच कमी असावं असं स्पष्ट म्हटलंय, आणि सोबतच्या शिफारशीत गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर दहा आठवडे डॉक्टरांना धोका वाटला तर हे काम देऊच नये असं आहे. फडात कुठला डॉक्टर विचारायला येतो?

आता चढ. इथं सवयीची जादू जवळपास संपते, कारण वजन वर न्यायचं म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध काम करायचं, त्यात सूट नाही. साताऱ्यातनं अजिंक्यताऱ्यावर जाताना साधारण ३०० मीटरचा चढ पडतो तेवढाच धरू. साठ किलोचा माणूस रिकामा चढला तर नुसत्या उंचीसाठी साधारण ४२ किलोकॅलरी काम होतं, पण स्नायू खाल्लेल्या अन्नातला चौथाच हिस्सा कामात बदलतात, बाकीची उष्णता होते, म्हणून खरा खर्च १७० च्या आसपास. पाठीवर ५० किलो घेतले की तोच खर्च ३१० च्या घरात जातो. कितीही मुरलेला माणूस असो, हा आकडा फारसा खाली येत नाही. तो फक्त सावकाश चढून हा खर्च जास्त वेळात वाटून घेऊ शकतो, आणि डोंगरातले जाणते लोक नेमकं तेच करतात.

चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटानं कावडी चढतात त्या ज्यांनी बघितल्यात त्यांना दुसरी गोष्टही माहिती असेल. उभ्या चढाला, दगडधोंड्यातनं, एका माणसाच्या खांद्यावर ती कावड जाऊच शकत नाही, म्हणून माणसांची साखळी लागते, हातातनं हातात, खांद्यावरनं खांद्यावर. सासवडच्या भुतोजी तेलीबुवांच्या कावडीचा मान मोठा, आणि ती वर जाते ती सगळ्यांच्या जोरावर. साखळीत प्रत्येकाला थोडाच वेळ पूर्ण ताण पडतो आणि मधे श्वास परत येतो. भक्ती तर आहेच, पण वजन वाटून घ्यायची ही पद्धत निव्वळ शरीराच्या हिशोबानंही पक्की आहे.

उतार मात्र फसवतो. दम लागत नाही म्हणून सोपा वाटतो. पण उतरताना मांडीचा स्नायू आखडत असतानाच ताणला जातो, ओझ्याला ब्रेक लावायचं काम करतो, आणि त्यातच त्याचे बारीक धागे तुटतात, म्हणून पाय दुसऱ्या दिवशी दुखतात. गुडघ्याची वाटी जास्त घासते ती उतरतानाच.

थोडं मागं जाऊ. पार घाट, कुंभार्ली घाट अशा वाटांनी कोकणातनं मीठ, तांदूळ वर यायचा आणि देशावरचा माल खाली जायचा, त्यातला मोठा भार बैलांच्या पाठीवर असायचा. माणसाच्या पाठीवर काय यायचं? बऱ्याचदा वेठ. सरकारी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत पोचवायचं काम गावकामगारांवर, विशेषतः महार वतनदारांवर लादलेलं असायचं, आणि त्याचा मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनाची जमीन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मधे मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात बदल करणारं बिल आणलं, आणि ही कनिष्ठ वतनं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. कुणाला ‘सवय’ आहे हे कसं ठरत होतं ते यातनं दिसतं. ते शरीर बघून ठरत नव्हतं.

दुसरी वाट मुंबईची. पाटण, जावळी, माण, खटाव, जिथं एकतर डोंगर नाहीतर दुष्काळ, तिथली माणसं मुंबईच्या गोदीत आणि बाजारात डोक्यावर माल वाहायला गेली. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. माथाडी कायदा १९६९ चा आहे, आणि त्यात मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ही की ज्याचा मालक रोज बदलतो अशा माणसालाही मंडळात नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, औषधोपचार मिळायची सोय झाली. ज्याचं शरीर ठरलेल्या वयाआधी झिजणार आहे त्याला पुढच्या दिवसांचा आधार देणं, कायद्याचं मर्म तिथं आहे. फडातल्या तोडणी मजुराला आजही तशी पक्की व्यवस्था नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता उंचीवरचं ओझं. नेपाळी हमालांवर २००५ मधे ‘सायन्स’ या नियतकालिकात अभ्यास आला, तो वाचून मी थक्क झालो होतो. काठमांडूच्या खोऱ्यातनं नामचे बाजारपर्यंत साधारण १०० किलोमीटरची वाट, सात ते नऊ दिवस, वाटेत मिळून ८००० मीटर चढ आणि ६३०० मीटर उतार, आणि पुरुषांचं सरासरी ओझं स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के, बायकांचं ६६ टक्के. काही जण स्वतःच्या वजनाहून बरंच जास्त नेत होते. ओझं डोको नावाच्या टोपलीत, टोपलीचा पट्टा कपाळावर, त्याला नाम्लो म्हणतात, आणि हातात टोकमा नावाची आखूड काठी. थांबलं की काठी टोपलीखाली लावायची, म्हणजे ओझं खाली न उतरवता खांदे-मान मोकळे होतात, कारण परत जमिनीवरनं उचलणं हेच सगळ्यात महागाचं. वाटेवर चौतारे बांधलेले असतात, कमरेच्या उंचीचे ओटे, त्यावर टोपली टेकवायची. त्यांचा ऊर्जेचा खर्च केनियातल्या बायकांपेक्षाही कमी निघाला. आणि ते चालतात अगदी सावकाश, दर थोड्या अंतरावर थांबत.

पण इथं एक मोठा गैरसमज आहे. नेपाळचा माणूस म्हणजे उंचीवरचाच, असं नसतं. शेर्पा लोकांची गोष्ट वेगळी, त्यांचे पूर्वज तिबेटच्या पठारावर हजारो वर्षं राहिलेले, त्यांच्यात ईपास-१ सारख्या जनुकांत फरक आहेत, त्यांचं रक्त उंचीवर फार घट्ट होत नाही आणि पेशी कमी ऑक्सिजनमधे जास्त काम काढतात. पण ट्रेकला सामान उचलणारे कितीतरी हमाल राई, तमांग, मगर समाजातले, खालच्या टेकड्यांवर शेती करणारे. उंची त्यांना तुमच्या-माझ्याइतकीच बाधते, वर पाठीवर ओझं, अंगावर पातळ कपडे.

उंचीवर नक्की काय होतं ते सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरनं चटकन कळेल. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद साठवायचे तेव्हा तोंड उघडून हवा खेळू द्यायची, कंदील खाली सोडून बघायचा आणि मगच माणूस उतरायचा, कारण आत कार्बन डायऑक्साइड साचून हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाणच घटलेलं असतं. डोंगरावर तसं नसतं, तिथं प्रमाण तेच २१ टक्के, पण हवाच विरळ. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. म्हणजे एका श्वासात येणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात घटतो, आणि सलग काम करायची शरीराची कमाल क्षमता उतरते. तुमची ही क्षमता तीस-चाळीस टक्क्यांनी कमी झाली आणि पाठीवरचं ओझं तेवढंच राहिलं तर खाली जे काम आरामात जमत होतं तेच वर धाप लावणारं होतं.

शरीर जुळवून घेतं, पण वेळ मागतं. पहिल्या काही तासांत श्वास वाढतो, काही दिवसांत मूत्रपिंड रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल सावरतं, आणि लाल पेशी वाढायला आठवडे लागतात. अपशिंगे मिलिटरी या साताऱ्याकडच्या फौजींच्या गावातल्या किंवा आपल्या भागातल्या कुठल्याही जवानाला विचारा, लष्करात वर पाठवायच्या आधी २७०० मीटरच्या वर पहिल्या टप्प्यात सहा दिवस, मग ३६०० च्या वर चार, मग ४५०० च्या वर आणखी चार दिवस थांबवतात. तरणीताठी, रोज व्यायाम करणारी पोरं, तरीही. घाई केली तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठतं, आणि ओझं घेऊन दम काढल्यानं धोका वाढतो. बरेच जण यवतेश्वरचा घाट पळून, अजिंक्यतारा रोज चढून हिमालयाची तयारी करतात, ते चांगलंच आहे, पाय तयार होतात, पण उंचीची तयारी त्यात होत नाही. महाबळेश्वर १३७० मीटरच्या आसपास आणि राज्यातलं सगळ्यात उंच कळसूबाई १६४६, उंचीचा त्रास साधारण अडीच हजाराच्या पुढं सुरू होतो. केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे.

मोठ्या मोहिमांचा इतिहास लिहिताना माथ्यावर पोचलेल्यांची नावं येतात. १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर चढले त्या मोहिमेचं सामान खालनं न्यायला साडेतीनशेच्या आसपास हमाल लागले होते. १९२२ च्या मोहिमेत हिमस्खलनात सात हमाल गेले, आणि १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात १६ जण गेले, सगळे नेपाळी, सगळे दुसऱ्यांच्या चढाईसाठी वाट आणि सामान तयार करणारे.

तुम्ही नेपाळला किंवा चारधामला जाणार असाल आणि सामान कुणाच्या पाठीवर देणार असाल तर निघायच्या आधी ओझं ताणकाट्याला लावून बघा. नेपाळमधे ट्रेकच्या हमालासाठी ३० किलोची मर्यादा आहे, किलिमांजारोवर २० ची, आणि त्या वजनात त्याचं स्वतःचं अंथरूण-पांघरूण धरलंय का हेही विचारा. रात्री तो कुठं झोपणार, जाकीट आणि बूट आहेत का, विमा उतरवलाय का, हे एजंटला सगळ्यांसमोर विचारायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत. वाटेत तो गप्प गप्प राहायला लागला, चालताना तोल जायला लागला, खोकल्यात फेस आला, तर ओझं तिथंच काढून घ्या आणि त्याला लगेच खाली उतरवा, त्याची भाषा कळणारं माणूस सोबत देऊन. एकट्याला कधीच पाठवू नका.